बागेतील नैसर्गिक जलतरण तलाव : बांधणी उत्तम, काठ मात्र चुकला

मुळशीतील आमच्या बागेत एका स्थानिक कंत्राटदाराने क्लोरीनविरहित पोहण्याचा तलाव बांधून दिला. निम्मे क्षेत्र पोहण्यासाठी मोकळे ठेवून उरलेल्या उथळ भागात धुतलेल्या खडीत वेखंड व पाणकणीस लावले असून, पंपाने तिथून फिरणाऱ्या पाण्यातील पोषकद्रव्ये ही झाडे आणि खडीवरचे जीवाणू वापरून टाकत असल्याने शेवाळाची उपासमार होते. ही रचना खरोखर जाणतेपणाची आहे. काठ मात्र जमिनीच्या पातळीवरच ठेवल्यामुळे पहिल्याच पावसात बागेतली खतमिश्रित माती आत वाहून आली आणि पाणी हिरवेगार झाले. वीतभर उंच बांध शेवटी आम्हीच घातला. गप्पी मासे सोडण्याचा सल्लाही मी मानला नाही, कारण त्यांच्या विष्ठेवर शेवाळच पोसले जाते. पाणकणीस दरवर्षी छाटून बाहेर काढावे लागते, हे कंत्राटदाराने आधीच स्पष्ट सांगितले होते.