कोड स्निपेट्स प्लगिन, नऊ महिन्यांनंतर: भोक प्लगिनमध्ये नव्हतं, माझ्या बटणात होतं

मामीच्या मसाल्यांची वेबसाइट मी सांभाळतो. साइट वर्डप्रेसवर, त्यावर ऑनलाइन दुकान चालवणारं वूकॉमर्स, होस्टिंग परवडेल तेवढं. ‘अॅड टू कार्ट’च्या जागी ‘पिशवीत टाका’ हवं, असले बारीक बदल आधी थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याच्या, फंक्शन्स फाइलमध्ये करायचो आणि थीमचं अपडेट आलं की सगळं धुऊन जायचं. (चाइल्ड थीम, म्हणजे अपडेटने न पुसणाऱ्या बदलांची वेगळी थीम, करायची शिस्त मला कधी लागली नाही.) म्हणून नऊ महिन्यांपूर्वी कोड स्निपेट्स हे प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची भर, टाकलं. पीएचपीचे, म्हणजे वर्डप्रेसच्या भाषेतल्या कोडचे, तुकडे अॅडमिनमध्येच लिहायचे, हवा तो चालू, नको तो बंद.

टाकण्याआधी दोन दिवस घुटमळलो मात्र. जानेवारी २०२० मध्ये याच प्लगिनमध्ये क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरीचं, म्हणजे सीएसआरएफचं, सुरक्षेतलं मोठं भोक सापडलं होतं. तेव्हा ते दोन लाखांहून जास्त साइटवर होतं. वर्डप्रेसची सुरक्षा बघणाऱ्या वर्डफेन्स कंपनीच्या लोकांनी ते शोधलं आणि गंभीरतेचे गुण पडले १० पैकी ८.८.

सीएसआरएफ म्हणजे काय, तर शिपायाच्या खिशातला साहेबांचा शिक्का. कागद कुणी दिला हे तो विचारत नाही, समोर आला की शिक्का मारतो. आपला ब्राउझर हा तसला शिपाई. तुम्ही साइटवर लॉगिन असाल आणि दुसऱ्याच एखाद्या पानाने तुमच्या साइटला विनंती पाठवली, तर ब्राउझर लॉगिनची कुकी, म्हणजे तुमची ओळख सांगणारी साठवलेली खूण, सोबत जोडून देऊ शकतो. साइटला वाटतं, मालकानेच सांगितलं. पासवर्ड चोरायची गरजच नाही.

कोड स्निपेट्समध्ये हा प्रकार इंपोर्टच्या पानावर होता. बाहेरून आणलेला तुकडा खरं तर बंद अवस्थेत यायचा, पण हल्लेखोराने फाइलमध्ये ‘चालू’ची खूण आधीच घातली तर तो चालूच व्हायचा. अॅडमिनने चुकीच्या लिंकवर एक क्लिक केलं की परक्याचं पीएचपी आपल्या सर्व्हरवर. आवृत्ती २.१४.० मध्ये इंपोर्टच्या फॉर्मला नॉन्स बसवून ते बुजवलं. नॉन्स म्हणजे फॉर्मसोबत जाणारी खुणेची चिठ्ठी. ती फक्त आपल्याच साइटच्या पानावर छापलेली असते आणि परक्या पानाला वाचता येत नाही. मी साइटच्या लॅपटॉपवरच्या प्रतीत ती चिठ्ठी काढून फॉर्म पाठवून बघितला. नकार आला. मग टाकलं. ज्या प्लगिनमध्ये कधी काही सापडलंच नाही, त्यात बहुधा कुणी बघितलेलं नसतं, असं माझं मत आहे.

रोजच्या वापराबद्दल तक्रार नाही. १४ तुकडे आहेत, ११ चालू. एकदा माझ्याच चुकीने दुकानाचं पान पांढरंफटक झालं, तेव्हा डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये सेफ मोडची, म्हणजे तुकडे न चालवण्याची, एक ओळ घातली, अॅडमिनमध्ये शिरलो आणि तुकडा बंद केला. तुकडे डेटाबेसमध्ये राहतात, म्हणून महिन्यातून एकदा एक्स्पोर्ट करून ठेवतो.

आता खरी गोष्ट. मिरचीचे भाव चढले की मामीचा फोन ठरलेला: “अरे, सगळ्याला पाच टक्के चढव बघू.” दर वेळी कोण बसणार, म्हणून तिच्या अॅडमिनमध्ये एक लिंकच करून दिली. दाबली की सगळे भाव पाच टक्क्यांनी वर. मामी खूश, मीही खूश. पाच महिने असंच चाललं.

एका रविवारी तो तुकडा परत वाचला आणि अंगावर काटा आला. २०२० च्या त्या भोकावर मी दोन दिवस घुटमळलो आणि स्वतः तेच करून ठेवलं होतं. लॅपटॉपवरच्या प्रतीत लॉगिन केलं, वेगळी साधी एचटीएमएल फाइल केली, तिच्यात ‘दिवाळी ऑफर बघा’ अशी लिंक, आतून जाणारी माझ्या भाववाढीकडे. क्लिक केलं. कांदा-लसूण मसाला ६४० चा ६७२. परत क्लिक, ७०५ रुपये ६० पैसे.

क्रोम २०२० पासून परक्या साइटवरून आलेल्या फॉर्मसोबत सहसा कुकी पाठवत नाही, या भरवशावर मी होतो. पण साध्या लिंकवर क्लिक केलं तर कुकी जातेच, आणि माझं बटण साधी लिंकच होतं. त्यात मामी लॉगिन करताना ‘मला लक्षात ठेवा’वर टिचकी मारते, म्हणजे १४ दिवस आत. त्याच ब्राउझरमध्ये व्हॉट्सअॅप वेब, आणि आलेली प्रत्येक लिंक उघडायची हौस.

दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. लिंकच्या जागी पोस्टचा फॉर्म (नुसत्या लिंकवर क्लिक करून जो पाठवता येत नाही), फॉर्ममध्ये नॉन्स, आणि भाव बदलण्याआधी त्याची तपासणी. तपासणीच्या फंक्शनचं नाव ‘चेक अॅडमिन रेफरर’ असं फसवं आहे, काम मुख्यतः नॉन्स बघण्याचं. शिवाय या माणसाला दुकान सांभाळायचा अधिकार आहे का, ही तपासणी वेगळी घालावी लागते, नॉन्स ती करत नाही. नेटवर मिळालेले बाकीचे तुकडेही मग वाचून काढले. आणखी एकात तीच बोंब होती. तो काढूनच टाकला. प्लगिनला पाचपैकी साडेचार देईन. त्यात आपण काय चिकटवतो, त्याची जबाबदारी ते घेत नाही, आणि घेऊही शकत नाही.

दोन दिवसांनी मामीचा फोन. “तुझं ते बटण बिघडलं. लिंकची मुदत संपली म्हणतंय.” वर्डप्रेसचा नॉन्स जास्तीत जास्त २४ तास चालतो, आणि मामीने ते पान आदल्या दिवशी सकाळपासून उघडं ठेवलं होतं. म्हटलं, आधी पान रिफ्रेश कर, मग दाब. “एवढं करायचं तर मग तूच चढव की,” असं म्हणून तिने फोन ठेवला.