टर्बोसाठी जुनी एमएक्स-५: १.६, १.८ की कंपनीचीच टर्बो?

माझदाच्या एमएक्स-५ या छोट्या, उघड्या छताच्या स्पोर्ट्स कारची पहिली पिढी १९८९ ला आली आणि दुसरी २००५ ला थांबली. या दोन पिढ्यांतली सेकंडहँड गाडी घेऊन टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसवायचा असेल, तर कुठलं टर्बो किट घ्यायचं हा प्रश्न बराच नंतरचा. बॉनेटखाली नेमकं कुठलं इंजिन आहे, हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गाडीच्या सालावरून इंजिन ठरवू नका, कारण १.६ लिटरच्या गाडीत नंतर १.८ लिटरचं इंजिन बसवलेलं सर्रास सापडतं. इंजिनाचा कोड मात्र लक्षात ठेवायला सोपा आहे: बी६ म्हणजे १.६ आणि बीपी म्हणजे १.८.

सुरुवातीची १.६ सुमारे ११५ अश्वशक्तीची, हलकी आणि भराभर आरपीएम चढणारी. एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेला मोठा चौकोनी हवामापक ही तिची खूण. त्याच्या आतली झडप हवेची वाट थोडी अडवते, म्हणून टर्बो लावताना तो बहुधा काढावाच लागतो. १.८ मध्ये त्याजागी हॉट-वायर सेन्सर (तापलेल्या तारेने हवा मोजणारा) आहे.

१.६ ची खरी पारख मात्र खाली, क्रँक पुलीपाशी होते. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे. पुलीच्या मध्यभागी चार खाचा दिसल्या तर टोक आखूड, आठ दिसल्या तर लांब. आखूड टोकावर बोल्ट नीट आवळलेला नसला की पुली जागेवर धरणाऱ्या चावीची (धातूच्या पट्टीची) खाच झिजते, पुली डुलू लागते आणि टायमिंग सरकतं. इंजिन चालू ठेवून पुलीकडे मिनिटभर बघा. ती डगमगत असेल तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी मी टर्बोसाठी ती गाडी घेणार नाही.

दुसरी अडचण मागच्या बाजूला आहे. १.६ च्या डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) क्राउन व्हील, म्हणजे मोठं दातेरी चाक, सहा इंचांचं, १.८ चं सात इंचांचं. ताकद वाढली की आधी इथेच तुटतं, म्हणून स्वस्तात मिळालेल्या १.६ च्या खर्चात हा बदलही धरा. युरोपात १९९५ नंतर विकलेली पहिल्या पिढीची १.६ तर ९० अश्वशक्तीवर उतरवलेली होती.

१९९४ ते ९७ ची १.८ ही माझी निवड. तिचा कंप्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) ९.०:१ आहे, १.६ चा ९.४:१. फरक छोटा वाटतो, पण टर्बो आधीच दाबलेली, तापलेली हवा सिलिंडरमध्ये भरतो. त्यात रेशो जास्त असला की मिश्रण वेळेआधी पेटून नॉकिंग सुरू होतं आणि ते पिस्टन फोडतं. १९९८ नंतरच्या १.८ मध्ये रेशो ९.५:१ झाला, आणि पुढे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (झडपा उघडण्याची वेळ गरजेनुसार बदलणारी यंत्रणा) आलं तेव्हा १०.०:१. या शेवटच्या इंजिनाचं हेड (झडपा असलेला वरचा भाग) हवा छान ओढतं आणि टर्बोशिवायही गाडी गोड चालते. चांगला ट्यूनर हाताशी असेल तर टर्बोलाही ते उत्तमच, पण ट्यूनिंगमधली चूक ते पोटात घालत नाही.

कॉनरॉड (पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणारे दांडे) मात्र यांतल्या कुठल्याच इंजिनात फार दणकट नाहीत. कमी आरपीएमला एकदम टॉर्क उसळला की ते वाकतात. अर्ध्या बारच्या आसपास बूस्ट (टर्बोचा जादा हवेचा दाब), दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर आणि नीट मॅप केलेला ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) एवढ्यावर समाधान मानाल तर मूळ इंजिन टिकतं. इंजेक्टर आणि ईसीयूचे पैसे वाचवून मोठा टर्बो घेणं हा सगळ्यांत महागात पडणारा मार्ग.

हे सगळं नको असेल तर २००४-०५ मध्ये काही देशांत विकलेली कंपनीची टर्बो शोधा. १७८ अश्वशक्ती, सहा गिअर आणि पहिल्या दिवसापासून एकमेकांशी जुळवलेले भाग. टर्बो लहान आहे, त्यामुळे वरच्या आरपीएमला दम कमी पडतो. रोज चालवायची गाडी हवी असेल तर मी हीच घ्यायला सांगेन, फक्त आधीच्या मालकाने बूस्ट वाढवलेला नाही ना, हे तपासून.

गाडी कुठलीही असो, पैसे देण्याआधी गरम इंजिनावर चारही सिलिंडरची कंप्रेशन टेस्ट (प्रत्येकात किती दाब तयार होतो ते मोजणं) करून घ्या. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर त्या इंजिनाला टर्बो लावू नका.