घरमालकांना टपालानं पत्रं : रिसेल एजंटचा वापरानंतरचा अनुभव (आणि लेटरबॉक्सचं रडगाणं)

आधीच सांगतो, टपालात काही दोष नाही. पत्र पोचतं. पेटीपर्यंत पोचतं आणि तिथून पुढचा जिना चढत नाही.

मी पुण्यात कोथरूड-कर्वेनगर पट्ट्यात रिसेलची, म्हणजे जुने फ्लॅट विकून देण्याची, आणि भाड्याची कामं करतो. महारेराचा, म्हणजे घरव्यवहारांवरच्या सरकारी नियामकाचा, नोंदणी नंबर आहे, तो प्रत्येक कागदावर टाकतो. फोन करून घरमालक गाठायचे दिवस संपले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ट्रायनं (दूरसंचार नियामक) बिगरनोंदणी जाहिरातींच्या कॉलवर बडगा उगारला, आणि त्याच्या आधीपासूनच लोकांच्या मोबाईलवर माझं नाव स्पॅम म्हणून लाल रंगात झळकत होतं. पेपरात पॅम्फ्लेट टाकलं तर ते क्लासच्या आणि पिझ्झाच्या पॅम्फ्लेटांसकट थेट रद्दीत. डायरेक्ट पोस्ट म्हणून टपाल खात्याची एक सेवा आहे, त्यात पत्ता न लिहिता एका भागात सरसकट वाटप होतं. नव्या प्रोजेक्टच्या ब्रोशरला ते ठीक. मला हवे होते ठरावीक सोसायट्यांतले ठरावीक मालक. डेटा विकणाऱ्यांच्या याद्या मी घेत नाही. स्वस्त पडत नाहीत आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर ती नसती कटकट कोण मागे लावून घेणार? सोसायटीच्या लॉबीतला नावांचा बोर्ड मला पुरतो.

सुरुवात पोस्टकार्डानं केली. ५० पैसे! खूश होऊन प्रेसमध्ये विचारायला गेलो, तेव्हा कळलं की मजकूर छापला की ते छापील पोस्टकार्ड होतं आणि त्याचा दर ६ रुपये. म्हणजे बारापट. मी कोकणस्थ नाही, पण एवढा हिशोब मलाही कळतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त शिक्षिका राहतात, अक्षर मोत्यासारखं. बाईंना विचारलं, तर पत्रामागे ३ रुपयांवर तयार झाल्या. वर माझ्या मजकुरातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या त्या फुकट.

पोस्टकार्डं गेली आणि फोन आले, पण भलतेच. पोस्टकार्ड उघडं असतं. वॉचमन वाचतो, समोरचे काका वाचतात, सेक्रेटरी तर वाचतातच. ‘आपला फ्लॅट विकण्याचा विचार असल्यास’ एवढ्या पाच शब्दांवरून बिल्डिंगभर झालं की दुसऱ्या मजल्यावरचे घर विकून मुलाकडे चाललेत. त्या गृहस्थांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचं बरोबरच होतं म्हणा. घर विकणं ही माणूस बायकोशीसुद्धा दबक्या आवाजात बोलतो अशी गोष्ट.

म्हणून आंतरदेशीय पत्र. अडीच रुपये, घडी घालून चिकटवलेलं, आत काय आहे ते फक्त ज्याचं त्याला. आत वेगळं काही घालता येत नाही, व्हिजिटिंग कार्डसुद्धा नाही, त्यामुळे मजकुरातच सगळं बसवावं लागतं. बाईंचे ३ धरून साडेपाच रुपये होतात. छापील पोस्टकार्डापेक्षा ५० पैसे कमीच! आणि गंमत म्हणजे लोक ते उघडतात. निळं पत्र हातात पडलं की कोणाचं आलं म्हणून माणूस आधी मागची बाजू बघतो. एका आजोबांनी तर पत्र मिळाल्याचं कळवायला फोन केला, फ्लॅटबद्दल अवाक्षर नाही, अर्धा तास अक्षराचं कौतुक. निरोप बाईंना दिला. पुढच्या गठ्ठ्यापासून त्यांनी दर साडेतीन केला.

इथवर चार स्टार दिले असते. पण आता लेटरबॉक्स.

ज्यांनी हल्ली आपल्या सोसायटीतल्या पेट्यांकडे पाहिलं नसेल त्यांनी आज खाली जाऊन पाहावं. पार्किंगच्या भिंतीला पत्र्याच्या पेट्यांची रांग. फटीवरचं झाकण गंजून अर्ध्यात अडकलेलं, ते नखानं उचलायचं. कुलूप असेल तर किल्ली हरवलेली, किल्ली असेल तर दारच निखळलेलं. पेटीवरचं नाव मागच्याच्या मागच्या मालकाचं. आत बँकेची फुगलेली पाकिटं, मागच्या निवडणुकीतली पत्रकं, पालीची अंडी. कारणही उघड आहे. पूर्वी निदान विजेच्या बिलासाठी पेटी उघडावी लागायची. महावितरणच्या गो-ग्रीनमध्ये कागदी बिल सोडलं की सूट मिळते. बिल ईमेलवर गेलं आणि पेटीचा धनी गेला. मी स्वतः ती सूट घेतो, त्यामुळे बोलायची सोय नाही.

माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला हेच काम करतो. तिकडचे एजंट टपालाशिवाय हलत नाहीत. ‘तुमच्या गल्लीत अमुक घर विकलं’ अशी कार्डं भागातल्या प्रत्येक घराला जातात. पत्ता न लिहिता, पोस्टमनच्या एकेका रूटवर सगळीकडे वाटायची सोय त्यांच्या टपाल खात्यानं करून दिलेली आहे. आणि तिकीट न लावता कुणाच्या पेटीत पत्रक सरकवणं तिकडे कायद्यानं गुन्हा! आमच्याकडे पेटीत काय वाट्टेल ते टाका, फक्त काढायला कोणी येत नाही.

आता मत थोडं बदलतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला लक्षात आलं, की जिथे मालक स्वतः राहतात तिथे पत्र पडून राहतं आणि जिथे भाडेकरू आहेत तिथे काम होतं. भाडेकरू मुलं मालकाच्या नावाचं पत्र दिसलं की फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. बंगळुरूला, दुबईला, कुठेही. पत्र भाडेकरू उघडत नाही, मालक ‘फोड’ म्हणतो, मग आतला फोटो. अकरा महिन्यांच्या करारांचं दरवर्षीचं लचांड नको झालेला मालकच विकायला निघतो, आणि तो मला असा सापडला. एक वन बीएचके त्यातून गेला, दोन्हीकडची दलाली मिळाली, वर्षाचं टपाल निघालं. बाकी बऱ्याच फोनांचा सूर एकच : सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय, जागा वाढवून मिळणार, आत्ता कोण विकतो?

त्यामुळे हल्ली सोसायटी निवडताना मी भाव बघत नाही, आधी पेट्या बघतो. झाकण हलतं का, आतला कागद ताजा आहे का. दुचाकीवरून उतरून पार्किंगमध्ये पेट्यांची झाकणं उचलून बघणाऱ्या माणसाला वॉचमन काय समजतात ते सोडा.

ज्या एका सोसायटीतून मला सर्वात जास्त आशा आहे तिथल्या पेट्यांची अवस्था सर्वात वाईट. सेक्रेटरींना म्हटलं, नव्या बसवा, निम्मा खर्च मी देतो. फॅब्रिकेटरकडून भावही काढून आणला. ते म्हणाले, विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेत घेऊ, पण पेट्यांवर तुमचं नाव-नंबर चालणार नाही. मग मीही माझा वाटा निम्म्यावरून पावावर आणलाय.