फाल्कन हेवीचे उड्डाण सहा किलोमीटरांवरून: पैसे मोजावेत ते आवाजासाठी

रॉकेटचे उड्डाण पाहण्यासाठी माणशी जवळजवळ २०० डॉलर मोजावेत का, हा प्रश्न आमच्या घरात बरेच दिवस चर्चेत होता. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पेसएक्स कंपनीचे फाल्कन हेवी रॉकेट पहिल्यांदा उडणार होते आणि फ्लोरिडातील केनेडी स्पेस सेंटरच्या प्रेक्षक केंद्राने त्यासाठी वेगळी तिकिटे काढली होती. आम्ही सर्वांत महागडे, म्हणजे अपोलो-सॅटर्न ५ दालनाजवळच्या हिरवळीचे तिकीट घेतले. तिथून ३९-अ हा प्रक्षेपणतळ पाण्यापलीकडे सहा किलोमीटरांहून थोडा अधिक दूर आहे. मुख्य केंद्रातील स्वस्त जागा याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर होती, आणि समुद्रकिनाऱ्यावर खुर्ची टाकून पाहणाऱ्यांना तर काहीच खर्च नव्हता.

व्यवस्थेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सामानाची तपासणी होते, बसने दालनापर्यंत नेतात आणि त्यानंतर वाट पाहण्याखेरीज काही उरत नाही. उड्डाणाची वेळ दुपारी १.३० ची होती. उंचावरील वाऱ्यांमुळे ती पुढे पुढे सरकत गेली आणि अखेर ३.४५ ला, म्हणजे ठरलेली मुदत संपायला १५ मिनिटे उरली असताना, रॉकेट उडाले. फेब्रुवारीतही तिथले ऊन चांगलेच लागते, म्हणून टोपी आणि पाणी जवळ ठेवावे. मात्र ही प्रतीक्षा कंटाळवाणी होत नाही, कारण पाठीमागच्या दालनात सुमारे १११ मीटर लांबीचे सॅटर्न ५ हे चांद्रमोहिमांचे रॉकेट आडवे ठेवलेले आहे. ज्या तळावरून १९६९ साली अपोलो ११ चंद्राकडे निघाले, तोच तळ आता एका खाजगी कंपनीने भाड्याने घेतला आहे, ही गोष्ट त्या अजस्र इंजिनांखाली उभे राहिल्यावर जितकी जाणवते तितकी वाचून जाणवत नाही.

आता मुख्य मुद्दा. केवळ दृश्यासाठी हे तिकीट घेणार असाल तर घेऊ नका. सहा किलोमीटरांवरून ७० मीटर उंचीचे रॉकेट म्हणजे क्षितिजावर उभी केलेली पांढरी काडी दिसते, आणि घरच्या पडद्यावर तेच दृश्य कितीतरी स्पष्ट असते. २७ इंजिने पेटली तेव्हा आम्हांला प्रथम दिसला तो दोन्ही बाजूंना उसळलेला धूर, आणि मग डोळ्यांना टोचणारा, वेल्डिंगच्या ठिणगीसारखा प्रखर उजेड. हे सारे अगदी निःशब्द होते. आवाजाला एवढे अंतर कापायला जवळजवळ १८ सेकंद लागतात, आणि त्या वेळात रॉकेट तळावरील मनोरा ओलांडून बरेच वर गेलेले असते. हजारो माणसे तोंड उघडे ठेवून त्या मुक्या ज्वाळेकडे पाहत होती. मग पाण्यावरून एक खोल गडगडाट आला, वाढत गेला आणि कानांपेक्षा छातीत अधिक वाजू लागला. त्याच्यात कापड टरटरा फाडल्यासारखा एक तडतडाटही मिसळलेला होता. हा अनुभव कोणताही ध्वनिवर्धक देऊ शकत नाही, आणि तिकिटाचे पैसे माझ्या मते केवळ याच अर्ध्या-पाऊण मिनिटात वसूल झाले.

त्यानंतर सुमारे आठ मिनिटांनी बाजूचे दोन्ही बूस्टर, म्हणजे रॉकेटला सुरुवातीचा जोर देऊन सुटे होणारे भाग, परत आले. हे दोन्ही २०१६ साली कंपनीच्या दुसऱ्या उड्डाणांत एकदा वापरून झालेले होते. निळ्या आभाळात अचानक दोन ठिणग्या पेटल्या आणि जवळजवळ एकाच वेळी खाली उतरू लागल्या. साताऱ्याहून आलेले माझे सासरे, ज्यांनी आयुष्यभर दिवाळीत बाण उडवताना त्याची काडी कोणाच्या कौलावर पडेल याचीच काळजी केली, ते एवढेच म्हणाले, "अहो, हे तर परत आले!" शेजारची अनोळखी मंडळी एकमेकांना मिठ्या मारत असतानाच बूस्टरांच्या आगमनाचे स्फोटासारखे दणके उशिराने येऊन थडकले आणि कित्येकजण दचकून खाली वाकले. इथे मात्र महागड्या जागेची मर्यादा कळते: बूस्टर उतरण्याची जागा दक्षिणेला, केप कॅनाव्हरलच्या बाजूला होती, त्यामुळे शेवटचा क्षण आम्हांला क्षितिजाजवळ निसटताच दिसला. बंदराच्या बाजूच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांना तो अधिक जवळून दिसला असणार. म्हणून ज्यांना उतरणे पाहण्यातच अधिक रस असेल, त्यांनी ती जागा कुठे आहे हे आधी नकाशावर पाहूनच तिकीट ठरवावे.

मुक्कामासाठी खोली मात्र लवकर आरक्षित करावी आणि दर लेखी घ्यावा. नदीपलीकडच्या एका हॉटेलने आम्ही पोहोचल्यावर ठरल्यापेक्षा अधिक रक्कम मागितली आणि ती द्यावी लागली. उड्डाण रद्द किंवा पुढे गेले तर तिकिटाचे काय होते, त्या अटीही पैसे भरण्यापूर्वी वाचाव्यात, कारण अशा पहिल्या उड्डाणाची खात्री खुद्द कंपनीलाही नसते. तळाची हानी होणार नाही इतके दूर रॉकेट गेले तरी आपण ते यश मानू, असे कंपनीचे संस्थापक इलॉन मस्क यांनी आधीच सांगून ठेवले होते.

परतीच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मधला बूस्टर तरंगत्या तळावर न उतरता ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगाने समुद्रात आदळला, कारण इंजिने पुन्हा पेटवणारे द्रव्य अपुरे पडले, ही बातमी आम्हांला पुढे कळली. सासऱ्यांना सांगितली, तेव्हा तिसरी काडी कोणाच्या कौलावर पडली नाही ना, एवढे त्यांनी विचारून घेतले.