‘मॅडम, लाइट व्हर्जन आहे, वास उडणारच’ असं विक्रेता म्हणाला तर

एखाद्या जुन्या ओरिएंटल, म्हणजे व्हॅनिला-राळेसारख्या उबदार, जड वासाच्या परफ्यूमची हलकी आवृत्ती, तीही उत्पादन बंद झालेली, ऑनलाइन कुणाकडून घ्यायच्या बेतात असाल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मला ज्या प्रकारे गंडवलं त्यात खोकं अस्सल होतं, बाटली अस्सल होती, तळाचा बॅच कोडही (माल कधी बनला ते सांगणारा छापील क्रमांक) अस्सल होता. नकली होतं ते फक्त आतलं परफ्यूम.

गेर्लँ या फ्रेंच कंपनीचं शालिमार हे परफ्यूम मला मनापासून आवडतं. झाक गेर्लँ यांची ही रचना १९२५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात गाजली. सुरुवातीला बर्गमॉटचा लखलखीत आंबटपणा आणि त्याखाली व्हॅनिला, टोंका बीन (गोड वासाची एक बी), राळ, धुरकट चामडं. त्यातलं इथाइल व्हॅनिलिन साध्या व्हॅनिलिनपेक्षा कितीतरी तीव्र असतं, त्यामुळे बंद खोलीत किंवा उकाड्यात हा वास आजूबाजूच्यांच्या अंगावर येतो. रोज ऑफिसला लावून जाण्यासारखं ते नाही. २०११ मध्ये गेर्लँचे परफ्यूमकार थिएरी वासेर यांनी त्याची ‘पार्फम इनिशियल’ ही आवृत्ती केली. धूर आणि चामडं मागे सारलं, आयरिस आणि गुलाब पुढे आणले, व्हॅनिला मात्र राखली. ती बंद झाल्यावर चाहते आता उरल्यासुरल्या बाटल्यांच्या मागे असतात, आणि ठगांचं फावतं ते इथेच.

मीही अशीच एक बाटली ऑनलाइन मागवली. विक्रेत्याची बोलण्याची पद्धत सभ्य होती. ‘जुना स्टॉक आहे, सीलबंद आहे,’ म्हणाला. मागितले ते सगळे फोटो पाठवले. खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळाचा कोड जुळत होता, उत्पादनाचं वर्षही बरोबर निघालं. बाटली आली, फवारा मारला, बर्गमॉट छान उसळलं. अर्ध्या तासात मनगटावर काहीही नव्हतं. ओढणीवर मारून पाहिलं, तिथेही तेच. त्याला कळवलं तर लगेच उत्तर आलं, ‘मॅडम, लाइट व्हर्जन आहे, वास उडणारच.’

हे उत्तर ऐकून बहुतेक जण गप्प बसतात, म्हणून ते खोटं का आहे हे नीट सांगते. हलकी आवृत्ती म्हणजे मूळ परफ्यूममध्ये अल्कोहोल ओतून पातळ केलेला माल नव्हे. ती वेगळी रचना असते. जड, प्राणिज, धुरकट घटक कमी करून लिंबूवर्गीय आणि फुलांचे घटक वाढवलेले असतात. पार्फम इनिशियल तर ओ द पार्फम आहे, म्हणजे त्यात सुगंधी अर्काचं प्रमाण साधारण १५ ते २० टक्के असायला हवं. बर्गमॉटचे घटक पटकन वाफ होणारे, ते आधी उडतात. व्हॅनिलिन आणि टोंकातलं कूमारिन सहज वाफ न होणारे, ते सावकाश उडतात. त्यामुळे ओरिएंटल घराण्यातलं परफ्यूम कितीही हलकं केलं तरी शेवटी व्हॅनिला उरलीच पाहिजे. वास मंद असेल, पण असेल.

माझ्या एका मैत्रिणीकडे हीच बाटली आहे, तिनं ती कंपनीच्या काउंटरवरून घेतलेली. कागदाच्या दोन पट्ट्यांवर दोन्ही मारून रात्रभर ठेवल्या. सकाळी तिच्या पट्टीला गोडसर, पावडरसारखा व्हॅनिलाचा वास होता. माझ्या पट्टीला कागदाचा.

मग आम्ही दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून उजेडात पाहिल्या. स्प्रेखाली, बाटलीच्या मानेला आवळून बसवलेली धातूची पट्टी असते. तिच्या बाटलीवर ती एकसारखी गुळगुळीत होती. माझ्या बाटलीवर पकडीनं उचकटल्याचे बारीक दाते उमटलेले आणि एका बाजूला कड किंचित वर आलेली. वरच्या नक्षीदार टोपणामुळे फोटोत हा भाग झाकला जातो. म्हणजे रिकामी बाटली मिळवायची, मान उघडायची, आत कसलं तरी लिंबाळ मिश्रण भरायचं, पुन्हा आवळायची, वर नवं सेलोफेन गुंडाळायचं. कोड तपासून बाटली कधीची आहे एवढंच कळतं. आत काय आहे ते त्यातून कळत नाही.

परताव्याची मुदत तोवर उलटली होती. तक्रारीला वेबसाइटकडून ‘वास ही वैयक्तिक आवड आहे’ असं उत्तर आलं. याचा मला अजूनही संताप आहे, कारण दाते उमटलेल्या पट्टीचे फोटो मी सोबत जोडले होते.

तेव्हा टोपण काढून मानेचा जवळून फोटो मागा, चारही बाजूंनी. विक्रेता टाळाटाळ करायला लागला तर व्यवहार तिथेच सोडा. बाटली हाती आल्यावर त्याच दिवशी कागदावर फवारा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा, म्हणजे मुदतीच्या आत बोलता येईल. सेलोफेन फोडतानाचा व्हिडिओही काढून ठेवा. आणि तुमच्याकडची अशी बाटली संपली तर रिकामी म्हणून कुणाला विकू नका. टाकायचीच असेल तर तळाचा कोड खरवडून, स्प्रे मोडून टाका.