एओ३४००ए मॉसफेट: बॅटरीवरच्या स्विचिंगसाठी कितपत कामाचा?

एका लिथियम सेलवर मोटर किंवा टॉर्चचा एलईडी मायक्रोकंट्रोलरच्या (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या चिपच्या) ३.३ व्होल्टच्या पिनने चालू-बंद करायचा असेल, तर टीआयपी१२० बाजूलाच ठेवा. हा डार्लिंग्टन (एकात जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) २ अँपिअरला जवळपास १ व्होल्ट स्वतःच खातो. सेल मुळात ३.७ व्होल्टचा, म्हणजे पाव बॅटरी नुसती उष्णतेत गेली. आयआरएफ५२० हा मॉसफेट (व्होल्टेजवर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) घेऊनही भागत नाही, कारण त्याला गेटवर, म्हणजे नियंत्रणाच्या पायावर, १० व्होल्ट लागतात आणि ३.३ व्होल्टवर तो धड उघडतच नाही.

तांदळाच्या दाण्याएवढा एओ३४००ए इथे खरा उपयोगी पडतो. गेटवर ४.५ व्होल्ट असताना त्याचा रोध जास्तीत जास्त ३२ मिलिओहम, २.५ व्होल्टला ४८. म्हणजे २ अँपिअरला अगदी वाईट धरलं तरी ०.१९ वॅट. बोट लावलं तर कोमट लागेल, इतकंच.

डेटाशीटमधल्या ५.७ अँपिअरवर मात्र विसंबू नका. तेवढ्या करंटला १ वॅटच्या वर उष्णता होते आणि एसओटी-२३ या त्याच्या इवल्याशा पॅकेजला ती बाहेर टाकता येत नाही. सतत चालवायचा असेल तर २ ते २.५ अँपिअरवर थांबावं, ड्रेनच्या (लोडकडून करंट येतो त्या) पायाला बोर्डावर तांबं भरपूर सोडावं.

जोडणीत गेटला १०० ओहम मालिकेत, आणि गेट ते ग्राउंड १०० किलोओहम. हा दुसरा रेझिस्टर वगळला की मायक्रोकंट्रोलर रीसेट होताना गेट अधांतरी राहतो, मॉसफेट अर्धवट उघडतो आणि तापतो. तिथे १० किलोओहम लावला तर चालू असताना ०.३३ मिलिअँपिअर फुकट जातात. छोट्या बॅटरीला तेही जड. मालिकेतला रेझिस्टर १० किलोओहम केला तर पीडब्ल्यूएमची (वेग किंवा उजेड कमी-जास्त करायला झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या सिग्नलची) धार बोथट होते, कारण गेटची धारिता सुमारे ६३० पिकोफॅराड आहे. मोटर बंद होताना उसळणारं व्होल्टेज जिरवायला तिला उलटा शॉटकी डायोड हवाच. गेटवर १२ व्होल्टच्या वर कधीही जाऊ नये.

सेन्सरची वीज तोडायला मात्र हा नको, कारण तो ग्राउंडच्या बाजूने तोडतो. ग्राउंड तुटलं तरी डेटाच्या तारांमधून करंट झिरपत राहतो. तिथे प्लसची बाजू तोडणारा पी-चॅनेल मॉसफेट एओ३४०१ए वापरावा, पण त्याचा गेट ३.३ व्होल्टच्या पिनला थेट जोडू नये. सेल ४.२ व्होल्टला असताना ०.९ व्होल्टचा फरक उरतो आणि मॉसफेट पुरता बंद होईलच असं नाही. गेट ते सोर्स (सेलच्या प्लसला जोडलेला पाय) १०० किलोओहम लावून एका छोट्या एनपीएन ट्रान्झिस्टरने गेट खाली ओढावा.

एओ३४००एचा नकली माल बराच फिरतो. गेटला ३.३ व्होल्ट द्या, १ अँपिअर वाहू द्या आणि मीटरच्या सळ्या थेट ड्रेन-सोर्सच्या पायांवर टेकवा. ४८ मिलिव्होल्टच्या आत आकडा आला पाहिजे. शंभराच्या पुढे गेला तर ती रीळ बोर्डावर चढवू नका.