पायवाट शोधायची तर: डेप्थमॅपएक्स की ओएसएमएनएक्स?

पणजीच्या मळा भागातल्या मारुतीच्या देवळापाशी उभं राहून वर बघा. आल्तिनोची टेकडी अगदी हाकेच्या अंतरावर दिसते, पण गाडीने जायचं तर डोंगराला वळसा. पायी जाणाऱ्याचा सगळा भरवसा चिऱ्याच्या पायऱ्यांवर आणि बोळांवर. जुन्या पणजीत नवी पायवाट कुठे काढावी हे संगणकाला विचारायचं असेल, तर दोन फुकट साधनं आहेत. दोन्ही मी वापरलीत. माझा कल ओएसएमएनएक्सकडे आहे, पण एका अटीवर.

डेप्थमॅपएक्स स्पेस सिंटॅक्सच्या पद्धतीवर चालतं, म्हणजे रस्ते एकमेकांना कसे जोडलेत यावरून माणसं कुठून जातील याचा अंदाज. बिल हिलियर आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ती उभी केली. यात मीटरपेक्षा वळणांना भाव. सरळ जायला काही लागत नाही, काटकोनात वळलात की 1 मोजला जातो. फोंतेन्हास या जुन्या वस्तीत हे पटतं: 31 जानेवारी रस्त्यावर माणसांची ये-जा, आणि दोन वळणं आत शिरलं की उंबऱ्यावरचं मांजर तेवढं भेटतं. कोणती गल्ली ओस का पडते हे समजून घ्यायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. नजरेच्या रेषा, म्हणजे एका नजरेत दिसणारे सरळ पट्टे, मात्र बहुतेकदा हाताने आखाव्या लागतात. आणखी एक, नकाशा फोंतेन्हासच्या कडेला कापू नका. ओरें खाडीपलीकडचा पाटो आणि बसस्थानक धरलं नाही, तर काठच्या गल्ल्या उगाच मृत दिसतात.

पण या रेषा सपाट असतात. त्यांना चढ कळत नाही, आणि आल्तिनोच्या उतारावर सगळा खेळ चढाचाच.

ओएसएमएनएक्स ही जेफ बोइंग यांची लायब्ररी, म्हणजे पायथन या संगणकभाषेतल्या तयार कोडचा संच. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या फुकट नकाशावरून रस्त्यांचं जाळं उतरवते, उंची जोडली की प्रत्येक तुकड्याचा चढ काढते. त्यावर भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टॉबलर यांचं 1993 चं चालण्याच्या वेगाचं सूत्र लावा: सपाटीवर ताशी 5 किलोमीटर, 30 टक्के चढावर जेमतेम पावणेदोन. मग सरळ रेषेत जवळ पण चालत लांब अशा जोड्या शोधायच्या, प्रत्येकीत काल्पनिक दुवा टाकायचा आणि किती मिनिटं वाचतात त्यावर क्रम लावायचा. पायथन येत नसेल तर आठवडाभर डोकं धरून बसाल, पण शंभर पर्याय तपासणं हाताने होणारं काम नव्हे.

अट उंचीची. उपग्रहाची फुकट मिळणारी उंची साधारण 30 मीटरच्या चौकोनात येते. तेवढ्यात घर, गडगा आणि अख्खा जिना मावतो. माझ्या पहिल्या हिशोबात एक जिना चक्क सपाट निघाला. शेवटी टेप घेऊन गेलो: एका पायरीची उंची मोजली, पायऱ्या मोजल्या, गुणाकार केला. दम लागला, पण आकडा खरा मिळाला. कित्येक पायऱ्या मूळ नकाशातच नसतात, त्याही याच फेरीत भरून घ्या. शक्यतो पावसाळ्यात जा, म्हणजे शेवाळ कुठे धरतं तेही दिसेल.

एकच साधन शिकायला वेळ असेल तर ओएसएमएनएक्स घ्या. प्रश्न 'नवा दुवा कुठे' असा नसून 'ही गल्ली सुनी का' असा असेल, तर डेप्थमॅपएक्स.

क्रमवारी आली की पहिले पाच दुवे पायी बघून या. माझा पहिला नंबर एका घराच्या परसातून, विहिरीला खेटून जात होता. दुसरा धरला.